दोन आकड्यांमधलं अंतर

जुनं आउटबोर्ड इंजिन विकायला निघालं की विकणारा ते एका ओढीत चालू करून दाखवतो, आणि घेणाऱ्याचं तिथंच समाधान होतं. खरं तर त्यातून फारसं काही कळत नाही. दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनातला एक सिलिंडर थकला असला, तरी दुसऱ्याच्या जिवावर ते किनाऱ्याशी फटफटत राहतं. खोट उघडी पडते ती भरलेली होडी ओहोटीच्या धारेविरुद्ध खाडीत घेताना. म्हणून सौद्याआधी कॉम्प्रेशन मोजावं, आणि मोजताना आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक पाहावा. त्यासाठी इंजिन जरा गरम करून बंद करायचं, दोन्ही प्लग काढायचे, त्यांच्या वायरी अर्थ करायच्या. नाहीतर भोकातून उडणाऱ्या पेट्रोलच्या वाफेला ठिणगी मिळते. एका भोकात गेज पिळून बसवायचा, थ्रॉटल पूर्ण उघडायचा (अर्धवट राहिला तर चांगला सिलिंडरही आजारी ठरतो) आणि काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची. मग तेवढ्याच ओढी दुसऱ्या सिलिंडरला.

समजा, एका इंजिनाचे आकडे 95 आणि 92 पीएसआय आले, दुसऱ्याचे 120 आणि 90. बरेच जण 120 पाहून दुसरं उचलतील. मी पहिलं घेईन. वयाची झीज दोन्ही सिलिंडरना साधारण सारखीच होते. एकच खाली गेला, तर त्याच्यावर काहीतरी बेतलेलं असतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. एका सिलिंडरचा कार्बोरेटर तुंबला की त्याचं इंधन कमी होतं आणि वंगणही. पिस्टन ओरखडतो, रिंगा अडकतात. किंवा पंपाचा रबरी इम्पेलर झिजून, खाऱ्या पाण्याच्या थरानं वाटा बुजून इंजिन तापलेलं असतं आणि हेड गॅस्केट फुटलेलं असतं. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सहसा चालवून घेतात; इथं तो पंचवीस टक्के आहे.

यावर कुणी म्हणेल, कंपनीनं दिलेला आकडा मग कशासाठी? तो उपयोगी आहेच, आणि दोन्ही सिलिंडर फारच खाली असतील तर सारखेपणाचं कौतुक नको. पण गेजागेजात फरक असतो, ओढणाऱ्याच्या हातातही. ही चूक दोन्ही सिलिंडरना जवळपास सारखीच लागते, म्हणून तुलना बिघडत नाही. काही फोर-स्ट्रोक इंजिनांत तर दोरी हलकी जावी म्हणून दाब मुद्दाम सोडलेला असतो; तिथं नुसता कमी आकडा पाहून घाबरणं चुकीचं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आकडे जुळले म्हणजे इंजिन निरोगी का? नाही. साचलेला कार्बन आकडा फुगवतो. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबलं जातं, आणि तिथलं सील गळत असलं तर वरच्या गेजला पत्ता लागत नाही. गिअरचं ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे खाली पाणी शिरलं आहे. ते पाहायला गेज नव्हे, स्क्रूड्रायव्हर लागतो.