गोलेम बोलू लागला

परवा शब्बाथच्या जेवणानंतर नातवंडांनी आम्हाला विचारलं, "हे एआय म्हणतात ते यंत्र माणसावर उलटणार का?"

बाळांनो, आमच्या लहानपणी गोलेमची गोष्ट घरात कुणी सांगत नसे. शेजाऱ्यांकडून ऐकलेला भस्मासुर तेवढा ठाऊक. ज्याने वर दिला, त्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघालेला! गोलेम हा युरोपातल्या यहुद्यांचा. प्रागचे राब्बी लोव (मृत्यू १६०९) यांनी म्हणे नदीकाठच्या मातीचा माणूस केला. तोंडात देवाच्या नावाची चिठ्ठी ठेवली की तो सांगितलेलं काम करी. शुक्रवारी शब्बाथ लागण्याआधी चिठ्ठी काढून घ्यायची. एकदा राब्बी विसरले आणि गोलेम मोडतोड करत सुटला. चिठ्ठी ओढली तेव्हा कुठे त्याची माती झाली.

याहून जुनी गोष्ट तालमुदात, सान्हेद्रिन भागात आहे. रावा यांनी एक माणूस घडवून राब्बी झेरांकडे पाठवला. झेरा त्याच्याशी बोलले, तो गप्पच. त्यावरूनच त्यांनी ओळखलं आणि त्याला परत मातीत धाडलं.

गंमत पाहा. १९५० साली मँचेस्टरला अ‍ॅलन ट्युरिंग यांनी जवळपास हीच परीक्षा मांडली: यंत्राशी लिहून प्रश्नोत्तरं करा, माणूस की यंत्र ते ओळखता येतं का बघा. युद्धकाळात ब्लेचली पार्कला त्यांच्याबरोबर असलेले लंडनचे यहुदी गणिती आय. जे. गुड यांनी १९६५ साली लिहिलं, की माणसाहून हुशार यंत्र हा आपल्याला करावा लागणारा शेवटचा शोध ठरेल. मात्र त्याला आवरायचं कसं, हे सांगण्याइतकं ते गरीब असलं पाहिजे. म्हणजे चिठ्ठी काढायची ती गोलेमलाच विचारून! नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच ब्लेचली पार्कात २८ देश आणि युरोपीय संघ ह्याच काळजीने एकत्र आले.

आम्हाला मात्र भीती वाटते ती फोनची. आताचा गोलेम बोलतो, तेही आपल्या माणसाच्या आवाजात. "आजी, अपघात झालाय, लगेच पैसे पाठव," असं नातवाच्या आवाजात कुणीही सांगू शकतो. राब्बी झेरांची खूण आता चालत नाही.

म्हणून आमच्या घरी एक मराठी शब्द ठरवलाय. नातवंडांनीच निवडला. पैसे मागणाऱ्याने आधी तो सांगायचा. नाही सांगितला तर फोन ठेवायचा आणि आपल्या वहीतल्या नंबरावर आपण लावायचा. आजोबा शब्द दोनदा विसरले, पण आता पाठ झालाय.

कोणता, ते इथे छापणार नाही.