सजग स्वप्न आणि दुःस्वप्नाचे भय

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ अशी जाणीव स्वप्नद्रष्ट्याला होणे, यास प्रस्तुत लेखात सजग स्वप्न म्हटले आहे. या स्वप्नांचा अभ्यास करू इच्छिणारे पुष्कळजण पहिल्या पायरीवरच थबकतात, आणि त्याचे कारण आळस किंवा अविश्वास नसून भय असते. नेहमीच्या दुःस्वप्नात आपण निदान फसलेलो असतो. पण शुद्ध असताना दुःस्वप्नात सापडलो आणि बाहेर पडता आले नाही तर काय, असे ते विचारतात. ही शंका रास्त आहे. तिला हसण्यावारी नेणाऱ्यांनी तिचा पुरेसा विचार केलेला नसतो, असेच म्हणावे लागेल.

हा अनुभव मुळीच दुर्मीळ नाही, हे आरंभी नमूद केले पाहिजे. अनेक पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून 2016 साली जो हिशेब मांडला गेला, त्यानुसार सुमारे 55 टक्के लोकांना आयुष्यात निदान एकदा तरी सजग स्वप्न पडलेले असते. दुःस्वप्नाच्या ऐन भरात ‘हे खरे नव्हे’ असे उमगून जाग येणे हा तर कित्येकांच्या बालपणीचा अनुभव आहे. तेव्हा भय आणि सजगता यांचे नाते जुने आहे. प्रश्न एवढाच की ती जाणीव झाल्यावर मनुष्य काय करतो.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर एका फ्रेंच पंडिताच्या ग्रंथात सापडते. एर्वे द सें-दनी (जन्म 1822) हे चिनी भाषेचे व्यासंगी. बालवयापासून ते आपली स्वप्ने लिहून ठेवीत आणि 1867 साली त्यांनी स्वप्ने व त्यांना वळण लावण्याचे उपाय यांवरील ग्रंथ निनावी प्रसिद्ध केला. त्यांना एक दुःस्वप्न वारंवार पडे. एकामागून एक अशा खोल्यांतून ते धावत आहेत, दारे उघडताना आणि मागे लावून घेताना जीव मेटाकुटीला येत आहे, आणि किंकाळ्या फोडणाऱ्या विक्राळ आकृतींचा जथा तीच दारे उघडीत पाठीशी येत आहे, असा तो देखावा असे. एके रात्री धावता धावता हे स्वप्न असल्याचे त्यांना कळले. तेव्हा ते थांबले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि ज्या आकृतींकडे आजवर ओझरते पाहिले होते त्यांच्याकडे नीट पाहायचेच असे त्यांनी ठरविले.

पुढचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. ठाऊक असूनही पहिला धक्का जबर बसला, हे ते प्रांजळपणे सांगतात. मग त्यांनी म्होरक्यावर दृष्टी खिळविली. मोठ्या चर्चच्या प्रवेशद्वारावर कोरलेल्या सैतानांसारखे त्याचे रूप होते. पंजाची नखे, भुवयांचे केस अशा बारकाव्यांत लक्ष गुंतताच भोवतालचे सहचर नाहीसे झाले. आणि म्होरक्याही हळूहळू मंदावत, विरविरीत होत, उत्सवातील सोंगांच्या दुकानाबाहेर टांगलेल्या विटक्या पोशाखासारखा लोंबू लागला. येथे भयाचा पराभव शौर्याने झालेला नाही. एका संशोधकाच्या कुतूहलाने तो झाला आहे.

‘सजग स्वप्न’ ही संज्ञा ज्यांच्या 1913 च्या निबंधामुळे रूढ झाली, त्या डच वैद्य फ्रेडरिक व्हान एडन यांचा मार्ग निराळा होता. सजग स्वप्नांच्या आगेमागे आपणास राक्षसांची स्वप्ने पडतात असे त्यांनी नोंदविले. त्यांच्याशी सरळ झुंजल्यास मन ताजेतवाने होते असा त्यांचा अनुभव. उलटपक्षी, जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल थोलाय यांनी भेडसावणाऱ्या आकृतीकडे थेट पाहावे, ‘तू कोण?’ असे विचारावे आणि हल्ल्यापेक्षा समेटाची वाट धरावी असे सुचविले. पाहणे, झुंजणे आणि विचारणे हे तीन उपाय परस्परांहून भिन्न असले तरी एका बाबतीत ते एक आहेत: तिघांनीही पळणे थांबविले.

पळण्याने भय का वाढावे? स्वप्नातील देखावा बऱ्याच अंशी आपल्या अपेक्षेच्या अनुरोधाने पुढे सरकतो. जो पळतो तो पाठलाग होणारच असे गृहीत धरतो, आणि ते गृहीतच पुढचे दृश्य घडविते. दचकून जागे होण्याने सुटका होते खरी, पण भयाची खातरजमा करून न घेताच आपण परततो. बृहदारण्यकाच्या चौथ्या अध्यायात हत्ती पाठलाग करीत आहे, आपण खड्ड्यात पडत आहोत, अशा स्वप्नांचा निर्देश असून जागेपणी पाहिलेले भयच मनुष्य तेथे अविद्येने कल्पितो असे सांगितले आहे. यावरून अविद्या गेली की भयही गेले, असे अनुमान कोणी काढील. परंतु सें-दनी यांचा धक्का आठवावा. स्वप्न हे स्वप्न आहे एवढ्या ज्ञानाने छातीची धडधड थांबत नाही.

किंबहुना सजग दुःस्वप्नेही असतात. 2018 साली लिथुआनियाचे संशोधक तादास स्टुम्ब्रीस यांनी त्यांचाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत द्रष्ट्याला सर्व कळते, पण देखाव्यावर सत्ता चालत नाही. नवशिक्याची शंका येथे खरी ठरते, हे मान्य केले पाहिजे. जाणीव आणि नियंत्रण या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ‘सजग झालो की वाटेल ते करू शकू’ असे सांगून अभ्यासाला बसविणारे त्याचे नुकसानच करतात.

शरीराला अपाय होण्याचे भय मात्र निराधार आहे. 12 एप्रिल 1975 रोजी इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात ॲलन वर्स्ली यांनी झोपेतच, पूर्वी ठरविल्याप्रमाणे डोळे हलवून आपण सजग असल्याची खूण दिली. पुढे स्टॅनफर्ड येथे स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच सिद्ध केले. खुणेसाठी डोळेच निवडण्याचे कारण असे की, शीघ्र नेत्रचलनाच्या ज्या निद्रेत ही स्वप्ने पडतात, तीत हातापायांचे स्नायू शिथिल होऊन निश्चल असतात.

हीच निश्चलता कधी कधी जाग आल्यावरही क्षणभर टिकते. छातीवर कोणी बसले आहे, खोलीत कोणी उभे आहे, असे तेव्हा वाटते. आपल्याकडे याचे खापर भुताखेतांवर फोडले जाते. पहाटे उठून पुन्हा झोपण्याच्या अभ्यासात झोप मोडत असल्याने हा निद्रास्तंभ नवशिक्याला गाठण्याचा संभव वाढतो. श्वासपटलाचे काम तेव्हाही चालूच असते. फक्त हेतुपुरस्सर दीर्घ श्वास घेता येत नाही, म्हणून गुदमरल्याचा भास होतो. धडपड न करता थांबल्यास काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत तो ओसरतो.

आता उपचाराचा विचार. नेदरलँड्समधील स्पूरमाकर व व्हान डेन बाउट यांनी 2006 साली 23 व्यक्तींवर सजग स्वप्नाच्या शिक्षणाचा प्रारंभिक प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षण घेतलेल्यांची दुःस्वप्ने कमी झाली. पण गंमत अशी की, ती कमी होण्यासाठी प्रत्यक्ष सजग होण्याची गरज पडली नाही. संख्या लहान असल्याने यावर मोठी इमारत उभारता येणार नाही. तथापि बॅरी क्रॅको यांनी 2001 साली, लैंगिक अत्याचाराच्या आघाताने पीडित अशा 168 स्त्रियांवरील अभ्यासात जी पद्धत वापरली तिच्याशी हे जुळते. तीत दुःस्वप्न जागेपणी हवे तसे बदलायचे आणि ते बदललेले स्वप्न रोज काही मिनिटे मनासमोर आणायचे, एवढेच असते. त्या स्त्रियांची दुःस्वप्ने घटली व झोप सुधारली.

यावरून नवशिक्याने आरंभ दिवसा करावा, असे आमचे मत आहे. फारसे भयंकर नसलेले एखादे दुःस्वप्न निवडून ते लिहावे. पळण्याच्या जागी थांबणे, वळणे, पाहणे असा बदल त्यात करावा आणि निजण्यापूर्वी तोच प्रसंग शांतपणे मनात घोळवावा. आठवड्यातील बहुतेक रात्री अखंड झोप मिळेल, एवढी काळजी घ्यावी. ज्यांची दुःस्वप्ने प्रत्यक्ष घडलेल्या आघाताचीच पुनरावृत्ती करतात, किंवा ज्यांना जागेपणीही भास व वास्तव यांची सीमारेषा पुसट वाटते, त्यांनी मात्र हा अभ्यास एकट्याने आरंभू नये. तो चिकित्सकाच्या देखरेखीखालीच व्हावा.