पत्ता, नक्कल आणि शेजारी

केंद्र सरकारने 1984 साली शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा अनेक शाळांत बीबीसी मायक्रो हा संगणक आला. त्याच्या बेसिक भाषेत ? आणि $ या चिन्हांनी स्मृतीतील हव्या त्या पत्त्यावर थेट लिहिता येत असे. ही भाषा आजच्या संगणकांवरही चालते, त्यामुळे पुढील प्रयोग वर्गात करता येईल. (चलांची नावे प्रत्यक्षात रोमन लिपीत द्यावी लागतात, येथे सोयीसाठी मराठीत दिली आहेत.)

ख$ = क$ असे लिहिले की अक्षरांची स्वतंत्र नक्कल होते. क$ नंतर बदलले तरी ख$ तसेच राहते. पण क% मध्ये पत्ता असेल, तर ख% = क% या आज्ञेने केवळ पत्त्याची नक्कल होते. चिठ्ठ्या दोन, घर एकच!

आता ‘डिम प% 24’ या आज्ञेने जागा राखून ठेवू. मोजणी शून्यापासून असल्याने 25 बाइट मिळतात. $प% येथे सीवूड्स हे नाव रोमन लिपीत लिहू. अक्षरे 8, आणि शेवटाची खूण म्हणून बेसिक स्वतःहून 13 हा आकडा ठेवते. एकूण 9 बाइट. म्हणून न% = प% + 9 घेऊन $न% येथे ‘नेरूळ’ देवनागरीत लिहू.

यानंतर पहिले नाव देवनागरीत लिहिले तर? ‘सीवूड्स’मध्ये डोळ्यांना तीनच अक्षरे दिसतात. युनिकोडला मात्र ती सात आहेत: स, वेलांटी, व, ऊकार, ड, हलन्त, स. यूटीएफ-8 पद्धतीत प्रत्येकाला 3 बाइट लागतात. म्हणजे 21, आणि खुणेचा 1. जागा होती 9 बाइटची. उरलेले 13 बाइट नेरूळच्या हद्दीत घुसतात.

गंमत अशी, की $प% छापले तर ‘सीवूड्स’ अगदी बरोबर येते. बिघाड शेजारी दिसतो: $न% छापले की नेरूळऐवजी नुसता ऊकार आणि ‘ड्स’ उमटते. संगणक तक्रार करीत नाही, कारण राखलेल्या जागेच्या सीमा $ हे चिन्ह तपासतच नाही. आमच्या मते विद्यार्थ्यांना सर्वाधिक चकवणारी चूक हीच; ते बिचारे नेरूळच्या ओळीत दोष शोधत बसतात.

2 नोव्हेंबर 1988 रोजी इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस ‘वर्म’ने वापरलेल्या वाटांपैकी एक हीच होती. सी भाषेतील एका आज्ञावलीत 512 बाइटच्या जागेत त्याहून लांब मजकूर सोडला गेला.

नक्कल करण्यापूर्वी ‘लेन’ने लांबी विचारावी. हे फलन अक्षरे नव्हे, बाइट मोजते. म्हणून देवनागरी ‘सीवूड्स’साठी उत्तर 21 येईल. त्यात खुणेसाठी एक मिळवला की किती जागा लागेल ते कळते.