अमेरिकेतील उत्तर-दक्षिण दुभंग आणि गुलामगिरी : राजकीय व सामाजिक कारणांचा पुनर्विचार

प्रस्तावना :

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या तेथील लोकांना अर्पण केला. त्यामुळे अमेरिकन यादवी युद्ध हा विषय मराठी अभ्यासकास परका नाही. तथापि पदवीच्या वर्गात तो शिकविताना आयातशुल्क, घटकराज्यांचे अधिकार, उद्योगप्रधान उत्तर व कृषिप्रधान दक्षिण आणि गुलामगिरी अशी कारणांची एक यादी सांगितली जाते आणि विद्यार्थी तीच उत्तरपत्रिकेत उतरवितात. जणू ही सर्व कारणे समान वजनाची होती! प्रस्तुत लेखात या कारणांचा परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

सत्तेचा तोल :

१७९३ मध्ये एली व्हिटने याने सरकी काढण्याचे यंत्र तयार केले आणि क्षीण होत जाईल असे अनेकांना वाटणारी गुलामगिरी दक्षिणेत पुन्हा फोफावली. १८६० पर्यंत गुलामांची संख्या सुमारे ४० लाखांवर गेली. त्या वेळी अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा कापसाचा होता.

राज्यघटनेने प्रतिनिधिगृहातील जागा ठरविताना गुलामांची तीन-पंचमांश संख्या हिशेबात धरली होती. ज्यांना मतच नव्हते त्यांच्या संख्येवर त्यांच्या मालकांचे राजकीय बळ वाढत होते. तरीही स्थलांतरितांच्या ओघामुळे उत्तरेची लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि दक्षिणेची भिस्त सिनेटवर राहिली, कारण तेथे प्रत्येक राज्यास दोनच जागा. म्हणूनच १८२० च्या मिसुरी तडजोडीत मिसुरी हे गुलामगिरीचे, तर मेन हे मुक्त राज्य म्हणून स्वीकारण्यात आले. १८५० मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून संघात आले आणि हा तोल कायमचा ढळला. वाद मुख्यत्वे दक्षिणेतील गुलामगिरी तत्काळ नष्ट करण्याचा नसून पश्चिमेकडील नव्या प्रदेशात ती जाऊ द्यावी की नाही, याचा होता. १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणि १८५७ चा ड्रेड स्कॉट खटल्यातील निकाल यांनी मिसुरी तडजोडच मोडीत काढली.

सामाजिक अंग :

गुलाम राखणाऱ्या राज्यांतील सुमारे एक-चतुर्थांश श्वेतवर्णीय कुटुंबांकडेच गुलाम होते. मग उरलेल्या तीन-चतुर्थांशांनी या व्यवस्थेची पाठराखण का केली? याचे उत्तर केवळ अर्थशास्त्रात सापडत नाही. अत्यंत दरिद्री गोऱ्या शेतकऱ्यासही आपल्याखाली कोणीतरी आहे, ही प्रतिष्ठा वर्णभेदाने बहाल केली होती. उतरंडीची ही जाण आपल्याकडील वाचकास समजावून सांगण्याची गरज नसावी. त्यात भीतीचीही भर होती. साउथ कॅरोलायनात निम्म्याहून अधिक लोक गुलाम होते आणि १८३१ मधील नॅट टर्नरच्या व्हर्जिनियातील उठावाने दक्षिणेची झोप उडविली होती. चर्चही दुभंगले. मेथडिस्ट १८४४ मध्ये, तर बॅप्टिस्ट १८४५ मध्ये या प्रश्नावरून विभागले गेले.

घटकराज्यांचे अधिकार : कोणाचे व कशासाठी?

दक्षिणेचा लढा घटकराज्यांच्या अधिकारांसाठी होता, हे प्रतिपादन १८५० च्या फरारी गुलाम कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. हा कायदा दक्षिणेच्या आग्रहाने झाला. फरारी ठरविलेल्या व्यक्तीस स्वतःची साक्ष देण्याचा अधिकार नव्हता, ज्यूरीही नव्हती. तिला मालकाच्या हवाली केल्यास आयुक्तास १० डॉलर, मुक्त केल्यास ५ डॉलर शुल्क मिळे. पकडण्याच्या कामी सामान्य नागरिकासही जुंपता येत असे. म्हणजे उत्तरेतील राज्यांच्या हद्दीत केंद्राचा हात इतका खोलवर पोहोचावा, ही मागणी दक्षिणेची होती. १८५४ मध्ये अँथनी बर्न्स यास बोस्टनमधून परत नेताना सैन्य तैनात करावे लागले आणि गुलामगिरीविषयी तटस्थ असलेले अनेक उत्तरवासी त्या दृश्याने हादरले. उत्तरेतील काही राज्यांनी या कायद्याला अडसर घालणारे कायदे केले, तेव्हा घटकराज्याचा अधिकार वापरणारी बाजू कोणती होती?

आयातशुल्काचेही तसेच. १८३२ मध्ये त्यावरून साउथ कॅरोलायनाने संघर्ष केला, हे खरे. परंतु १८५७ च्या कायद्याने शुल्काचे दर बरेच खाली आणले होते आणि मॉरिल शुल्क कायदा मार्च १८६१ मध्ये झाला, तोवर सात राज्ये फुटून निघाली होती.

१८६० च्या निवडणुकीत लिंकन सुमारे ४० टक्के मतांवर विजयी झाले. दक्षिणेतील दहा राज्यांत त्यांना मतदानाची सोयच नव्हती. दक्षिणेच्या मतांवाचून राष्ट्राध्यक्ष निवडून येऊ शकतो, हे उघड झाले आणि २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायना बाहेर पडले. त्याच्या जाहीरनाम्यात मुख्य तक्रार आहे ती उत्तरेतील राज्ये फरारी गुलाम परत करीत नाहीत ही. फुटीर राज्यांनी १८६१ मध्ये स्वीकारलेल्या घटनेत तर गुलामांवरील मालकीहक्कास बाध आणणारा कायदा करण्यास आपल्या काँग्रेसला मनाई करण्यात आली आणि नव्याने मिळणाऱ्या प्रत्येक प्रदेशात गुलामगिरीस मान्यता व संरक्षण देणे तिच्यावर बंधनकारक ठेवण्यात आले. तेथील रहिवाशांना याबाबत निवडीचा अधिकार ठेवलेला नव्हता.