संगणकाच्या दप्तराची झाडलोट

संगणकांतील तबकडीवर लिहिलेला मजकूर कोठें आहे, त्याचें नांव काय, तो केवढा आहे, याच्या नोंदी ठेवणाऱ्या व्यवस्थेस फाइल-सिस्टिम म्हणतात. हें संगणकाचें दप्तरच होय. यांत दोन गोष्टी निराळ्या ओळखल्या पाहिजेत: एक नोंदी मांडण्याची पद्धत, आणि दुसरी ती पद्धत जाणणारी आज्ञावली, म्हणजे जणूं दप्तराचा कारकून. काळाच्या ओघांत असे कारकून गरजेहून अधिक होतात. त्यांना कमी कसें करावें, याचा धडा लिनक्स या प्रणालीच्या इतिहासांत मिळतो.

फिनलंडांत लायनस टोर्वाल्ड्स यांनीं १९९१ सालीं लिनक्सचा आरंभ केला. १९९३ सालीं तींत एक्स्ट-२ ही फाइल-सिस्टिम आली. परंतु लिहितां लिहितां वीज गेली, तर नोंदी अर्धवट राहात व सारें दप्तर तपासावें लागे. २००१ सालच्या एक्स्ट-३ नें यावर तोड काढली. व्यापारी व्यवहार आधीं रोजकीर्दींत टिपतो व मग खतावणींत घेतो. तसाच होणारा बदल आधीं एका कीर्दींत लिहिला जाऊं लागला. अपघातानंतर तेवढी कीर्द चाळली कीं काम भागे.

पुढें अधिक मोठ्या तबकड्यांची सोय करणें प्राप्त झालें. चालू आज्ञावलींत हात घालणें लोकांच्या दप्तरास धोक्याचें, म्हणून २००६ सालीं तिची नक्कल करून निराळें काम सुरू झालें. तीच एक्स्ट-४. डिसेंबर २००८ मध्यें ती वापरण्यास योग्य म्हणून जाहीर झाली. पण आतां एकाच कुळांतले दोन कारकून झाले! एकाच्या कामांत सांपडलेली चूक दुसऱ्याच्याही कामांत शोधावी लागे. गाभ्यांत अन्यत्र फरक झाला, तर दुरुस्ती दोन्हीकडे करावी लागे.

सुदैवानें नव्या कारकुनास जुनी पद्धतही अवगत होती. म्हणून २०१५ सालीं, लिनक्सच्या ४.३ या आवृत्तींत, एक्स्ट-३ ची स्वतंत्र आज्ञावली काढून टाकण्यांत आली. सुमारें २८ हजार ओळी गेल्या. तरी एक्स्ट-३ पद्धतीनें मांडलेल्या तबकड्या वाचतां येतच राहिल्या. वापरणारानें जुनेंच नांव सांगितलें, तरी काम नवा कारकून करतो.

रायझर-एफएस या दुसऱ्या व्यवस्थेची गोष्ट इतकी सोपी नव्हती. तिची पद्धत जाणणारा दुसरा कारकून गाभ्यांत नव्हता. तो काढला कीं नव्या गाभ्यास तें दप्तर वाचतां येणार नाहीं, हें उघड होतें. म्हणून २०२२ सालींच तशी सूचना देण्यांत आली, आणि आज्ञावली निघाली ती जानेवारी २०२५ मधील ६.१३ या आवृत्तींत. मधल्या अवधींत ज्याला आपला मजकूर दुसरीकडे हलवावयाचा, त्याला तो हलवितां आला.

अडगळ काढणें अवश्यच आहे, कारण निरुपयोगी ओळही कोणाला तरी सांभाळावी लागते. परंतु आज्ञावली लिहिणाराची असते आणि दप्तर लोकांचें असतें. कारकुनास निरोप देण्यापूर्वीं त्याच्या हातांतल्या किल्ल्या कोणाकडे जावयाच्या, हें ठरविणें हेंच झाडलोटीचें पहिलें काम होय.