पर्याय कमी असताना घरचे ब्रॉडबँड कसे निवडावे

घरातले ब्रॉडबँड किती भरवशाचे आहे, हे टेलिफोन एक्सचेंजपासून घरापर्यंतच्या शेवटच्या दोन-चार किलोमीटरांत ठरते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या सोसायटीत चार-पाच कंपन्यांच्या वायर जिन्यापर्यंत आलेल्या असतात. एकीने त्रास दिला की दुसरी घेता येते. कोकणातल्या वाड्या, सह्याद्रीच्या उतारावरची गावे, मेळघाट किंवा मराठवाड्यातली लहान तालुक्याची ठिकाणे यांना ही चैन नाही. तिथे भारत संचार निगमचे एक एक्सचेंज असते, गावातला एखादा केबलवाला असतो आणि डोंगरावर मोबाइलचा टॉवर असतो. एवढ्यातूनच निवड करायची असल्याने ती अधिक विचाराने करावी लागते, कारण चुकल्यास दुसरे दार सहज उघडत नाही.

एकाच एक्सचेंजवर अवलंबून राहण्याची ही स्थिती काही अंशी धोरणातून आली आहे. १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगमने कारभार सुरू केला तेव्हा दूरसंचार खात्याची एक्सचेंजे आणि तांब्याच्या वायरींचे जाळे त्याच्याकडे आले. मुंबई आणि दिल्लीत ते काम १९८६ पासून महानगर टेलिफोन निगमकडे होते. २००४ साली देशाचे पहिले ब्रॉडबँड धोरण तयार होत असताना दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ही तांब्याची वायर इतर कंपन्यांनाही वापरू द्यावी अशी शिफारस केली होती. सरकारने तशी सक्ती केली नाही. ब्रिटनमध्ये ती झाली, त्यामुळे तिथे ब्रिटिश टेलिकॉमच्या एक्सचेंजमध्ये दुसऱ्या कंपन्यांनी आपली यंत्रे बसवली आणि त्याच जुन्या वायरीवरून आपली सेवा विकली. अर्थात तिथेही हे गर्दीच्या एक्सचेंजांपुरतेच घडले. खेड्यांतल्या लहान एक्सचेंजांकडे त्या कंपन्या फारशा फिरकल्या नाहीत. भारतात खासगी कंपन्यांनी स्वतःची फायबर टाकली, ती दाट वस्तीत. विरळ वस्तीला स्पर्धा मिळाली नाही आणि त्याचा भार तिथले ग्राहक आजही वाहत आहेत.

जुन्या टेलिफोनच्या वायरीवरून येणारे ब्रॉडबँड ज्यांच्या घरी अजून आहे, त्यांनी पहिला प्रश्न अंतराचा विचारावा. तांब्यातून जाणारा संदेश अंतरागणिक क्षीण होतो. एक्सचेंजच्या शेजारी याच तंत्राने सेकंदाला २० मेगाबिटच्या पुढे वेग मिळू शकतो. तीन किलोमीटरवर तो आठ-दहापर्यंत घसरतो आणि पाच किलोमीटरच्या पुढे जोडणी टिकली तरी नशीब. हे अंतर नकाशावरचे सरळ नसते, वायर ज्या वळणांनी येते ते धरायचे. शिवाय जोडांमध्ये पावसाचे पाणी शिरते. टेलिफोनवर खरखर ऐकू येऊ लागली की नेटही तुटू लागणार, हे गावातला लाइनमन न तपासता सांगतो. या वायरीवर मोठा प्लॅन घेऊन वेग वाढत नाही, कारण मर्यादा प्लॅनची नसून धातूची असते. फायबर मिळत असेल तर तांब्याचा विचार सोडून द्यावा, हे निःसंकोच सांगता येते.

फायबरमध्ये प्रकाश काचेच्या तंतूतून धावतो. तो २० किलोमीटरपर्यंत वेग न गमावता पोहोचू शकतो, त्यामुळे एक्सचेंज दूर असण्याची अडचण जवळपास संपते. घरोघरी येणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत एक्सचेंजमधून निघालेला एक तंतू वाटेतल्या डब्यांत फुटत जातो आणि ३२ किंवा ६४ घरांना पुरतो. त्या सर्वांत मिळून येताना सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट आणि जाताना त्याच्या निम्मी क्षमता वाटली जाते. एरवी ही भरपूर आहे. संध्याकाळी आठनंतर नेट मंद होते तेव्हा दोष बहुधा या तंतूत नसतो. पुरवठादाराने पुढे मोठ्या कंपनीकडून घेतलेली बँडविड्थ ग्राहकांच्या मानाने अपुरी पडलेली असते. म्हणून जोडणी घेण्याआधी त्याच पुरवठादाराच्या एखाद्या ग्राहकाकडे रात्री नऊच्या सुमारास वेग तपासून पाहावा. दुपारी दाखवलेला आकडा काही सांगत नाही.

फायबरचा खरा प्रश्न ती तुटल्यावर सुरू होतो. गावाकडे ती जमिनीखालून कमी आणि विजेच्या खांबांवरून, झाडांवरून, कधी पत्र्याच्या कडेने जास्त येते. वादळात फांदी पडते, रस्ता रुंद करताना जेसीबी खणतो, उसाची उंच भरलेली ट्रॉली वायर ओढून नेते. खोदकामाआधी जमिनीखालच्या वायरींची माहिती मिळावी म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये एक अ‍ॅपही आणले, पण खांबावरून लोंबणाऱ्या वायरीला त्याचा उपयोग नाही. तंतू जोडायला स्प्लायसिंगचे महागडे यंत्र आणि ते चालवणारा माणूस लागतो. ते यंत्र गावात किंवा शेजारच्या गावात आहे, की जिल्ह्याच्या ठिकाणाहून यावे लागते, यावर नेट दोन तासांत सुरू होणार की चार दिवसांत हे ठरते. दोन पुरवठादारांतून एकाची निवड करायची असेल तर प्लॅनच्या दरपत्रकापेक्षा या एका प्रश्नाला अधिक वजन द्यावे. शंभर रुपये जास्त घेणारा पण रविवारीही माणूस पाठवणारा केबलवाला स्वस्त पडतो.

इथे आणखी एक गोष्ट ग्राहकाच्या लक्षात सहसा येत नाही. भारत संचार निगमची फायबर अनेक ठिकाणी घरापर्यंत स्थानिक भागीदार पोहोचवतात आणि तो भागीदार कित्येकदा गावातला केबलवालाच असतो. दुरुस्ती त्याच्याकडे असते, बिल निगमचे येते. त्यामुळे कागदावर दोन पुरवठादार दिसले तरी खांबावरची वायर, ती जोडणारा माणूस आणि तालुक्यापर्यंतचा मार्ग एकच असू शकतो. अशा वेळी कंपनी बदलून काहीच बदलत नाही. वायर कोणत्या रस्त्याने येते आणि यंत्र कुठे बसवले आहे, हे थेट विचारावे. चांगला पुरवठादार हे लपवत नाही. ग्रामपंचायतीत भारतनेट या सरकारी योजनेची किंवा महाराष्ट्रात महानेटची फायबर आली असेल तर तिचीही चौकशी करावी. मात्र पंचायतीच्या कार्यालयापर्यंत फायबर येणे आणि ती चालू स्थितीत घरापर्यंत येणे यांत बरेच अंतर असते, हे ध्यानात ठेवावे.

वायरच येत नसेल तिथे पाचव्या पिढीच्या मोबाइल जाळ्यावरून मिळणारे बिनतारी ब्रॉडबँड आहे. एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि जिओने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ही सेवा देशात सुरू केली. छतावर किंवा भिंतीवर लहान अँटेना बसते आणि खोदकाम लागत नाही. टॉवर जवळ असेल आणि मध्ये टेकडी किंवा दाट राई नसेल तर अनुभव चांगला येतो. पण टॉवरची क्षमता परिसरातल्या सगळ्या मोबाइलधारकांत वाटली जाते. जत्रेच्या दिवसांत आणि गणपतीत कोकणात चाकरमानी आले की वेग खाली येतो, तो यामुळे. बसवण्याआधी त्याच कंपनीचे सिम मोबाइलमध्ये घालून, अँटेना जिथे लागणार तिथेच उभे राहून संध्याकाळी वेग तपासावा. खिडकीत रेंज आहे म्हणून माजघरात नेट चालेल असे नसते. अँटेना बाहेर लावून आत राउटरपर्यंत वायर आणणे हाच मार्ग.

उपग्रहाचा पर्याय शेवटचा. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असल्याने संदेश जाऊन यायला अर्धा सेकंदाहून अधिक लागतो आणि व्हिडिओ कॉलवर बोलणे एकमेकांवर आदळते. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना ही अडचण नाही, पण त्यांचे साहित्य महाग असते.

भरवसा आकड्यात मांडता येतो. ‘९९ टक्के वेळ सेवा’ हे ऐकायला भक्कम वाटते, पण ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ सात तासांहून अधिक बंद असा होतो. ९८ टक्के म्हटले की चौदा तासांहून अधिक. हे तास एका रात्री गेले तर कोणाला कळतही नाहीत. ऑनलाइन परीक्षेच्या सकाळी गेले तर मुलाचे वर्ष धोक्यात येते. शेजाऱ्यांना विचारताना ‘नेट चांगले आहे का?’ असे मोघम विचारू नये. गेल्या पावसाळ्यात किती वेळा गेले, सर्वांत जास्त किती दिवस बंद राहिले आणि फोन केल्यावर कोण आले, हे विचारावे. जून ते सप्टेंबर जो टिकला तोच पुरवठादार खरा.

विजेचा विचार बहुतेक जण विसरतात. घरातला फायबरचा डबा आणि राउटर थोड्याच विजेवर चालतात. बारा व्होल्टचा लहान यूपीएस त्यांना काही तास पुरतो. पण केबलवाल्याच्या खोलीतल्या यंत्रालाही बॅटरी लागते. तिथे ती नसेल तर घरातल्या यूपीएसचा उपयोग शून्य. भारनियमनाच्या भागात निगमच्या एक्सचेंजची बाजू इथे वरचढ ठरू शकते, कारण तिथे बॅटऱ्या आणि जनरेटर ठेवण्याची जुनी पद्धत आहे. ते चालू स्थितीत आहेत का, एवढे मात्र पाहावे.

वेग किती घ्यावा, याचे उत्तर बहुतेक घरांसाठी साधे आहे. स्पष्ट चित्राच्या सिनेमाला सेकंदाला पाचेक मेगाबिट लागतात, अतिस्पष्ट चित्राला पंधरा ते पंचवीस, व्हिडिओ कॉलला तीन-चार. चौघांच्या कुटुंबाला ५० मेगाबिट पुरतात. घरून काम करणाऱ्याने जाण्याचा वेग, म्हणजे अपलोड, वेगळा विचारून घ्यावा. ‘अमर्याद’ प्लॅनमध्येही ठरावीक डेटा संपल्यावर वेग कमी केला जातो. ती मर्यादा किती आणि नंतरचा वेग किती, हे लेखी पाहावे. शेतातला किंवा दुकानातला कॅमेरा बाहेरून पाहायचा असेल तर सार्वजनिक आयपी पत्ता मिळेल का हेही विचारावे, कारण अनेक पुरवठादार शेकडो ग्राहकांना एकच पत्ता वाटून देतात. वर्षभराचे पैसे आगाऊ भरल्यास सूट मिळते, पण पहिले तीन महिने मासिकच भरावेत. राउटरची अनामत परत मिळणार असेल तर तसे पावतीवर लिहून घ्यावे.

फायबर चालू असताना नेट सारखे तुटत असेल तर डब्यावरचा लाल दिवा आणि प्रकाशाची मोजलेली ताकद पाहावी. ती राउटरच्या सेटिंगच्या पानावर दिसते. वजा १५ ते वजा २५ डीबीएमच्या दरम्यानचा आकडा ठीक. वजा २७ च्या पलीकडे गेला की कुठेतरी जोड खराब आहे किंवा वायर मुडपली आहे. हा आकडा सांगून केलेली तक्रार ‘राउटर बंद करून चालू करा’ या उत्तरावर अडत नाही.

तक्रार तोंडी कधीच ठेवू नये. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक घ्यावा, मग स्थानिक माणसाला फोन करावा. मुदतीत काम न झाल्यास ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येते आणि त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. त्यानंतरही दाद न मिळाल्यास ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात स्पष्ट केले आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाकडे शुल्क भरावे लागत नाही आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मराठीतही मदत करतो.

ज्यांची रोजीरोटी नेटवर आहे, त्यांनी एवढ्यावर थांबू नये. वायर एका कंपनीची असेल तर मोबाइलचे सिम दुसऱ्या कंपनीचे ठेवावे, तेही वेगळ्या टॉवरवरून रेंज देणारे. कमी डेटाचा स्वस्त प्लॅन पुरतो. एक्सचेंज एकच असलेल्या गावात दुसरा मार्ग ग्राहकालाच तयार ठेवावा लागतो.