चंचल मुलासाठी गोळी : आधार किती, धोका किती?

"पोरगं एका जागी बसत नाही, नजर लागली असेल," असं एका घरात म्हणतात. दुसऱ्या घरात दोन फटके हाच इलाज. आम्ही शिक्षक अशी मुलं रोज पाहतो. त्यातली बहुतेक नुसती खोडकर असतात. काहींना मात्र एडीएचडी असतो. लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारा, मेंदूच्या वाढीशी जोडलेला हा विकार आहे. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली, सहा महिन्यांहून जास्त टिकलेली आणि घरी-शाळेत दोन्हीकडे त्रास देणारी असावी लागतात. मुलींमध्ये तो अनेकदा सुटून जातो; त्या दंगा करत नाहीत, गप्प बसून हरवलेल्या असतात.

यावर सर्वाधिक वापरलं जाणारं औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत ते तयार झालं. ते उत्तेजक आहे. आधीच चंचल असलेल्या मुलाला उत्तेजक कशाला, असं पालक विचारतात. 'थांब, आधी हे पूर्ण कर' असं सांगणारा मेंदूतला लगाम या विकारात ढिला असतो. औषध तो आवळतं. मुलाला गुंगी आणत नाही.

फायदे

योग्य मात्रा मिळाली तर बहुतेक मुलांमध्ये फरक लवकर दिसतो. वही पूर्ण होते, भांडणं कमी होतात, सारखा ओरडा खाणारं मूल शाबासकी ऐकू लागतं. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास राहतो. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात चौदा महिन्यांनंतर काळजीपूर्वक दिलेलं औषध मुख्य लक्षणांवर नुसत्या वर्तन-उपचारापेक्षा सरस ठरलं. तीन वर्षांनी मात्र ही आघाडी उरली नाही. म्हणजे गोळी शांत तास मिळवून देते. त्या तासांत सवयी लावायचं काम घराचं आणि शाळेचं.

तोटे

भूक मरते, झोप उशिरा लागते, पोट किंवा डोकं दुखतं, संध्याकाळी चिडचिड होते. नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, उंचीची वाढ थोडी मंदावू शकते. म्हणून वजन, उंची आणि रक्तदाब नियमित तपासावा. हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावं. सहा वर्षांखालील मुलांसाठी पहिला उपाय गोळी नसून पालकांचं प्रशिक्षण आहे. या औषधावर कायद्याचं कडक नियंत्रण आहे, ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. सांगितल्याप्रमाणे घेतलं तर व्यसनाचा धोका कमी; पण परीक्षेपुरती मित्राला गोळी देणं हा गैरवापरच.

रमजानमध्ये मोठी मुलं रोजे ठेवत असतील, तर गोळीची वेळ आणि भुकेचा प्रश्न डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवावा. मनानं मात्रा बदलू नये, बंदही करू नये.

द्रोणागिरीहून आता मोठ्या रुग्णालयात जाणं सोपं झालं आहे. जानेवारी २०२४ पासून इथून लोकल धावते. नेरूळ आणि कुर्ल्याला गाडी बदलून शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयापर्यंत पोहोचता येतं. घरबसल्या पहिला सल्ला हवा असेल तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

निदान करणं शिक्षकाचं काम नाही, शेजारणीचंही नाही. आमचं काम एवढंच : मूल वर्गात कधी हरवतं, कधी रमतं, हे लिहून पालकांच्या हाती देणं. डॉक्टरकडे जाताना तो कागद जरूर मागून घ्या.